पंचनाम्यातील सत्य

महाविद्यालयात मी २६ वर्षे नीतिशास्त्र शिकवले. बेंथम, मिल, कान्ट, ॲरिस्टॉटल आणि अभ्यासक्रमाच्या एका कोपऱ्यात गीतेचा कर्मयोग, असा तो आखून दिलेला रस्ता होता. वर्गात बसणारी मुले बीड जिल्ह्याच्या माळरानावरची. त्यांतली बरीच दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत येत. तोवर मिल होऊन गेलेला असे आणि कान्ट अर्ध्यावर आलेला असे. असाच उशिरा परत आलेला एक विद्यार्थी एकदा तासाला उभा राहिला आणि म्हणाला, "सर, गायरान धरणारा माणूस चोर असतो की नसतो, एवढंच सांगा." मी त्याला दोन्ही बाजू सांगितल्या. मास्तर अडचणीत सापडला की दोन्ही बाजू सांगतो. मुलगा खाली बसला, पण त्याने वहीत काही लिहून घेतले नाही.

त्या मुलाला जे उत्तर मी दिले नाही ते इथे देण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी मला माझ्या घरातला एक कागद बाहेर काढावा लागेल, आणि शेजारच्या एका माणसाचाही. दुसऱ्या कागदावर अक्षर माझे आहे.

गायरान म्हणजे गावच्या गुरांना चरण्यासाठी राखून ठेवलेली सरकारी जमीन. नावात गाय आहे. पण महारवाड्यात आणि मांगवाड्यात गाय किती जणांच्या दारात होती? ज्याच्या गोठ्यात दहा गुरे त्याचा गायरानातला वाटा दहा गुरांचा, ज्याच्या दारात एक शेळी त्याचा वाटा एका शेळीचा, आणि तरीही कागदावर ती सर्वांची जमीन! 'सर्व' ह्या शब्दाचा गावगाड्यातला अर्थ ज्यांनी पाणवठ्यावर उभे राहून शिकला आहे त्यांना तो पुन्हा समजावून सांगण्याची गरज नाही.

बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. पुढे १९५० मध्ये हैदराबाद राज्यात कूळ कायदा झाला आणि कुळांना संरक्षण मिळाले. आमचे लोक मात्र बहुतेक ठिकाणी कूळ नव्हतेच. ते सालगडी होते, येसकर होते, मेलेले ढोर ओढणारे होते. ज्याचे नाव कोणत्याच रकान्यात नाही त्याच्या हाती कायदा काय देणार? म्हणून मराठवाड्यातील दलितांची जमिनीची लढाई धनिकांच्या शेतात न होता पडीक आणि गायरान जमिनींवर झाली. १९५३ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने इथे सत्याग्रह केला. १९५९ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांना घेऊन मराठवाड्यात आणि खानदेशात पुन्हा ती मागणी उभी केली आणि १९६४ च्या डिसेंबरात ती देशभर गेली. ह्या सत्याग्रहांचा इतिहास आपण सांगतो तो मोर्चांचा आणि तुरुंगांचा. त्याच्या मागे दुसरा एक इतिहास आहे. सभा संपल्यावर, पुढारी निघून गेल्यावर, कुणाकडून तरी बैलजोडी मागून आणून मृगाच्या आधी दोन एकर माळ उकरणाऱ्या माणसाचा. त्याची नोंद कुणी ठेवली असेल तर ती तलाठ्याने, आणि तीही गुन्हा म्हणून. गाव नमुना एक-ई नावाची अतिक्रमणांची नोंदवही असते. मराठवाड्यातील दलितांच्या स्वाभिमानाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकांनी ती एकदा चाळावी असे मला फार वाटते.

माझे वडील त्या वहीत आहेत.

१९७२ च्या दुष्काळात ते खडी फोडायला गेले. तिथे दगड फोडता फोडता त्यांच्या मनात आले असावे की दगडच वेचायचे तर स्वतःच्या पोटासाठी का वेचू नयेत. केज तालुक्यातल्या आमच्या गावाच्या पूर्वेला गायरानाचा उतार आहे. तिथले दगड वेचण्यात घरातल्या सर्वांचे दोन उन्हाळे गेले. त्यांच्या शेजारचा तुकडा मांगवाड्यातल्या नानांनी धरला. नाना एका बागाईतदाराकडे सालगडी होते. दिवसा मालकाचे आणि चांदण्यात स्वतःचे, असे त्यांचे चाले. दोघांच्या पहिल्या पिकाची बाजरी आमच्या मायने एकाच उखळात कांडली.

मग २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावात घर जळाले नाही. पण त्या हंगामात उभ्या बाजरीत रात्री गुरे सोडली गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात गायरान धरल्याची तक्रार झाली. १९७९ च्या मे महिन्यात तलाठी पंचनाम्याला आले. लिंबाच्या सावलीत सतरंजी पडली. गावातले चार पंच तिथे बसले आणि आम्ही उन्हात उभे राहिलो.

तलाठ्याने प्रश्न एकच विचारला: हा तुकडा कोण कसतो? आदल्या रात्री जाणत्यांनी सल्ला दिला होता की कुणी कबूल होऊ नका, दंड बसेल, केस होईल. वडील पुढे झाले आणि म्हणाले, "लिव्हा माझं नाव. म्याच नांगरलंय." त्यांना १५ रुपये दंड झाला, त्याची पावती मिळाली. नानांची पाळी आली. पंचांमध्ये त्यांचा मालक बसलेला होता. नाना म्हणाले, हा तुकडा माझा नाही. तसा जबाब लिहून द्या असे तलाठी म्हणाला. नानांना लिहिता येत नव्हते आणि तलाठ्याच्या अक्षरावर त्यांचा भरवसा नव्हता. ते माझ्याकडे वळले, "तूच लिव्ह बाबा, लेकरा." मी तेव्हा दहावीत होतो. "सदर जमीन मी कसत नाही व माझा तिच्याशी संबंध नाही" असे मी सुवाच्य अक्षरात लिहिले आणि खाली नानांनी अंगठा लावला.

ह्या एका प्रसंगावर मी पुढे आयुष्यभर शिकवलेले सगळे नीतिशास्त्र घासून पाहता येते. मी ते वर्गात कधी केले नाही, हे कबूल केले पाहिजे.

कान्टपासून सुरुवात करतो. १७९७ मध्ये त्याने एक निबंध लिहिला. जीव वाचवण्यासाठी तुमच्या घरात लपलेल्या मित्राचा ठावठिकाणा मारेकऱ्याने विचारला तर? कान्ट म्हणतो, तरीही खोटे बोलू नये. आपल्याकडे महाभारताच्या कर्णपर्वात नेमकी उलटी गोष्ट आहे. कौशिक नावाच्या तपस्व्याला लुटारूंनी विचारले, माणसे कुठे पळाली? त्याने खरे सांगितले, माणसे मारली गेली आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. लोकमान्य टिळकांच्या १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्य'मध्येही सत्याला अपवाद असावेत की नसावेत ह्यावर पाश्चात्त्य आणि पौर्वात्य मतांची मोठी चर्चा आहे. दोन हजार वर्षांतले शहाणे लोक ह्या दारात उभे राहून वाद घालत आले आहेत. पण ह्या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, तिकडे कुणाचे लक्ष गेलेले मला दिसत नाही. उत्तर देणारा माणूस घराचा मालक असतो आणि लपलेला माणूस दुसराच कुणी असतो. उत्तर देणाऱ्याच्या मानेवर सुरी नसते. लिंबाखाली उभे असलेले नाना मात्र लपलेलेही होते आणि उत्तर देणारेही तेच होते. त्यांच्यासाठी कान्टने प्रकरण लिहिले नाही, महाभारतकारांनीही लिहिले नाही.

आणि माझे वडील? ते खरे बोलले म्हणून थोर, असे मी लहानपणी मानत होतो. पुढे ध्यानात आले की माझा थोरला भाऊ तेव्हा मुंबईला गिरणीत बदली कामगार होता आणि त्याची मनीऑर्डर येत होती. वडिलांच्या सत्याच्या पाठीशी ती मनीऑर्डर उभी होती. नानांच्या पाठीशी मालकाकडून घेतलेली उचल होती. सद्गुण ही सवयीने घडणारी वृत्ती आहे असे ॲरिस्टॉटल शिकवतो. परंतु काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असेही तोच सांगतो, आणि त्या गुलामाने सत्य बोलण्याची सवय कुणाच्या परवानगीने लावून घ्यावी हे सांगायचे मात्र विसरतो. ह्याचा अर्थ वडिलांचे धैर्य कमी होते असा मी घेत नाही. दंडाची पावती त्यांनी घडी करून टोपीत ठेवली तेव्हाचा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे.

आता उपयुक्ततावाद. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख हे बेंथमचे माप. त्याच्या हिशेबात प्रत्येक माणूस एक, कुणीही एकाहून अधिक नाही. हा हिशेब प्रामाणिकपणे केला असता तर आमचा वाद मिटला असता: दोन एकर दगडातले पावसाळ्यातले चार भारे गवत एकीकडे आणि एका कुटुंबाची सहा महिन्यांची भाकर दुसरीकडे. पण गावात मोजणी करणारा कोण होता? जो दहा गुरांचा मालक तोच. 'गावाचे हित' म्हणून जे बोलले जाते ते बहुधा मोजणी करणाऱ्याचे हित असते. आणि मोजणी नीट झाली तरी प्रश्न उरतोच. १९७८ मध्ये आमच्या वस्त्या पेटल्या त्याने मराठवाड्यातले पुष्कळ लोक सुखावले होते. बहुसंख्यांचे सुख एवढेच माप असते तर त्या आगीला नीतीचे नाव द्यावे लागले असते.

तिसरी परंपरा स्वधर्माची. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. ब्रह्म एकच असे मराठीत आमच्याच जिल्ह्यात इतक्या आधी सांगितले गेले याचा अभिमान मलाही शिकवला गेला. त्या एका ब्रह्मातून मांगवाडा गावाबाहेर कसा राहिला हे मात्र कुणी शिकवले नाही. स्वधर्म म्हणजे ज्याचे त्याने नेमलेले काम करावे. अर्जुनाचा स्वधर्म युद्ध. मग पोतराजाचा स्वधर्म कोणता? मरीआईच्या नावाने जटा वाढवायच्या, अंगावर कोरडे ओढून घ्यायचे आणि दारोदार दान मागायचे! हे कर्म कितीही निष्कामपणे केले तरी पाठीवरचे वळ तसेच राहतात.

इथे आमच्या जिल्ह्यातल्या एकनाथ आवाडांचा उल्लेख केलाच पाहिजे. १९५६ मध्ये दुकडेगावात मांगाच्या घरी जन्मलेल्या ह्या माणसाचे वडील पोतराज होते. 'जग बदल घालुनी घाव' ह्या त्यांच्या आत्मकथनाच्या वाचकांना माहीत आहे की पोतराज प्रथेविरुद्धची लढाई त्यांनी दुसऱ्याच्या घरापासून सुरू केली नाही. आपल्या वडिलांच्या जटा त्यांनी कापल्या. पितृआज्ञा हा आपल्याकडे नीतीचा कळस मानला जातो, रामायण त्यावर उभे आहे. त्या मापाने हे कृत्य पाप ठरते. आपल्या मापाने ते काय ठरते हे सांगण्यासाठी कोणत्या तरी वेगळ्या नीतिशास्त्राची गरज आहे.

ते बाबासाहेबांकडे आहे, आणि आमच्या अभ्यासक्रमात ते नव्हते. १९१३ ते १९१६ ह्या काळात ते कोलंबिया विद्यापीठात होते. तिथे जॉन ड्यूई त्यांचे गुरू. ड्यूई आणि टफ्ट्स यांचा नीतिशास्त्रावरचा ग्रंथ १९०८ चा. नियम आणि तत्त्व यांत भेद करण्याचा त्यातला विचार बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये उचलला आणि मनूच्या छातीवर नेऊन ठेवला. नियम म्हणजे सवय. तो काय करायचे ते सांगतो आणि माणूस करतो. तत्त्व माणसाला विचार करायला लावते. तत्त्वानुसार वागणारा चुकूही शकतो, पण त्याच्या कृतीची जबाबदारी त्याची असते. नियम बरोबर असला तरी नुसता नियम पाळणाऱ्याची कृती यांत्रिकच राहते. पुढे हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरील त्यांच्या हस्तलिखितात, जे महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये तिसऱ्या खंडात छापले, त्यांनी धर्माला दोन कसोट्या लावल्या: उपयुक्तता आणि न्याय. प्राचीन समाजाचे माप समूहाची उपयुक्तता हे होते, आधुनिक समाजाचे माप व्यक्तीला मिळणारा न्याय हे आहे, असा त्यांचा विवेक आहे. वर्गात मिल आणि कान्ट एकमेकांसमोर उभे करून आम्ही मुलांना कोड्यात टाकत होतो; बाबासाहेबांनी दोघांनाही कामाला लावले आणि न्यायाचा अर्थ स्वातंत्र्य, समता, बंधुता असा भरला. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये तर नीती हाच धम्म होऊन बसते. देवाची जागा ती घेते.

गायरानाला ही कसोटी लावली की त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. 'सरकारी जमीन धरू नये' हा नियम आहे. ज्याला पिढ्यानपिढ्या जमीन धारण करण्यापासून दूर ठेवले, त्याने इतरांची भाकर न हिसकावता पडीक माती कसून खावे, हे तत्त्व आहे. हे तत्त्व सर्वांसाठी खुले केले तरी जग मोडत नाही. म्हणजे ते कान्टच्या कसोटीलाही उतरते. तो माणूस चोर नव्हे.

राज्यालाही हे अर्धेमुर्धे मान्य करावे लागले. आवाडांनी १९९० मध्ये मानवी हक्क अभियान उभे केले आणि मराठवाड्यात गायरानाचा प्रश्न पुन्हा रस्त्यावर आणला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. पुरावा काय? एक-ईची नोंद, दंडाची पावती. कालपर्यंत जो गुन्ह्याचा कागद होता तोच हक्काचा कागद झाला. गावोगाव लोक टोपीतून, पत्र्याच्या पेटीतून, आढ्यातून पावत्या शोधू लागले. वडिलांची पावती बाजरीच्या कणगीत सापडली.

नाना माझ्याकडे आले. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. म्हणाले, "आता लिव्ह, की म्या पयल्यापासून कसतो." जमीन ते खरोखरच कसत होते, एकही वर्ष त्यांनी पडीक ठेवले नव्हते. मी अर्ज लिहिला. पण कचेरीतल्या फायलीत १९७९ चा जबाब होता, माझ्याच वळणदार अक्षरातला. अर्ज परत आला. खरे लिहिलेले नाकारले गेले आणि खोटे लिहिलेले ग्राह्य धरले गेले. नाना मला कधी एक शब्द बोलले नाहीत. त्या वर्षी त्यांनी मुकादमाची उचल घेतली आणि वयाच्या साठीला टेकलेले असताना कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात गेले. दहावीतल्या पोराने दुसरे काय करायला हवे होते, असे मला पुष्कळांनी समजावले आहे. परिणामांवरून कृती जोखणारे म्हणतील की परिणाम कुणाला दिसत नव्हता. ते खरे आहे. पण त्या दिवशी मी परिणामाचाही विचार केला नव्हता आणि तत्त्वाचाही. वडीलधाऱ्याने सांगितले म्हणून लिहिले. बाबासाहेब ज्याला नियमाने वागणे म्हणतात ते हेच.

आपल्याच बाजूची एक अडचणही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख नुसता वकिलीचा होईल. गायरानावर फक्त बागाईतदारांची गुरे चरत नव्हती. धनगरांची मेंढरेही तिथे येत, आणि धनगराला तरी जमीन कुठे होती? आमच्या गावी १९८० च्या सुमारास एका धनगराने वडिलांना विचारले होते की तुम्ही माळ धरला, आता मेंढरं वढ्यावर पाण्याला न्यायची कुठून? वडिलांनी आणि नानांनी मिळून कडेने दोन कासऱ्यांची पट्टी न नांगरता सोडली. तिचा कुठे कागद नाही. कोणत्याही कायद्याने ती सोडायला सांगितले नव्हते. भूमिहीनाने भूमिहीनाची वाट अडवायची नाही एवढाच त्यातला विचार असावा; आपल्या चळवळीच्या ठरावांतही मी तो शब्दांत मांडलेला कधी वाचला नाही.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनींसारख्या प्रकरणांत अपवादाची वाट ठेवली. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महाराष्ट्रात पुन्हा नोटिसांची धांदल उडाली. मी गावी गेलो तेव्हा पुतण्या कागद गोळा करत होता. वडिलांची पावती त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घातली होती. आम्ही दोघे उतारावर गेलो. नानांच्या तुकड्यावर बाभळी वाढल्या आहेत. त्यांची मुले साखर कारखान्यांच्या वाटेवर असतात. पुतण्याने धनगरांची पट्टी गेल्या दोन वर्षांत नांगरून घेतली आहे. मी विचारले तर म्हणाला, "काका, ती कुठं लिव्हलेली हाये?" मेंढरे आता लांबच्या रस्त्याने पाण्याला जातात. पट्टी परत सोडावी असे मी म्हटले. त्याने नाही म्हटले नाही. पण मोजणी होऊन सातबारावर नाव लागू द्या, मग बघू, असे तो म्हणतो. मोजणी अजून झालेली नाही.